फाजील सामान

बॅग उघडली आणि आत हिंदुरावचा स्टोव्ह निघाला.

स्टोव्हखाली त्याचाच लोकरी स्वेटर, त्याखाली दस्तगीरची जाडजूड सतरंजी आणि तळाला लोणच्याची बरणी. माझी त्यात एक चिंधीही नव्हती. मी बॅग मिटली, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा उघडली. स्टोव्ह होता तिथंच होता.

"भूपाल, चहा निवतोय लेका," बाकावरून दस्तगीरनं हाक मारली.

"आलो," मी म्हणालो आणि तिसऱ्यांदा बॅग उघडली.

हावेरीच्या अलीकडचा, हमरस्त्याला लागून असलेला ढाबा होता तो. आम्ही तिघं मित्र तीन मोटारसायकलींवर तासगावहून कन्याकुमारीला निघालो होतो. पहिला मुक्काम हुबळीला झाला होता आणि सकाळी तिथून निघून आता कुठं पहिला चहा होत होता. माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला, शर्टाच्या आत, चुरचुर सुरू झाली होती. त्या चुरचुरीचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. पिशवीची चकती सुटायला लागली होती.

सांगूनच टाकतो. त्याच वर्षी माझ्या आतड्याच्या शेवटाला गाठ निघाली होती. मिरजेत ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आतड्याचा तो भागही गेला, आणि डॉक्टरांनी पोटावरच वाट करून दिली. त्या वाटेवर पिशवी लावायची, भरली की रिकामी करायची. हे जन्माचं. पिशवी कातडीला चिकटते ती एका चकतीनं. चकती नीट बसली असेल तर वास नाही, गळती नाही, शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. सुटली तर मात्र लपवायला जागा नाही.

डॉक्टर आणि माझी बायको सुनंदा यांच्याखेरीज हे कुणालाही माहीत नव्हतं. गावात मी अपेंडिक्स सांगितलं होतं आणि सुनंदाला आमच्या जैन बस्तीत नेऊन, भगवंतासमोर उभं करून, शपथ घातली होती. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच धंदा. त्या डोळ्यांत कीव दिसायला लागली असती तर मी दुकानाला कुलूप लावून घरी बसलो असतो, इतका माझा स्वभाव तिरका आहे. पण गावाचं एक वेळ सोडा. हिंदुराव आणि दस्तगीरला कळू द्यायचं नव्हतं. पाचवीपासून आमची मैत्री एकमेकांची टर उडवण्यावर जगली होती. ते जर माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलायला लागले असते, तर ती मैत्री संपल्यातच जमा होती. आणि गाडीवर तर मला कुणी घेतलंच नसतं.

त्यात गंमत अशी की ते जपून बोलायला आधीच लागले होते.

हिंदुराव शिंदे हा आमचा म्होरक्या. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. आमच्या तिन्ही गाड्यांची कॅरिअर त्यानंच केलेली. दस्तगीर मुल्ला ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो. त्यानं एकाच हिरव्या ताडपत्रीच्या ताग्यातून आम्हा तिघांना प्रत्येकी दोन बॅगा शिवून दिल्या होत्या, सगळ्या एका साच्यातल्या. बाजारातली बॅग घेऊ म्हटलं की त्याला अपमान वाटायचा. आणि सामानाच्या बाबतीत हिंदुरावचा एक कायदा होता: पहिल्या दिवशी जे लागलं नाही, ते पुढंही लागत नाही. पहिल्या मुक्कामाला सगळ्या बॅगा खाटेवर उपड्या करायच्या, न लागलेलं सगळं एका बॅगेत कोंबायचं आणि सकाळी गावाकडं जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचं. गाडी हलकी होते, हा हिशेब. खरा आनंद उपडं करण्यात असायचा. एकदा गोव्याला जाताना माझ्या बॅगेत इस्त्री सापडली होती. ती गोष्ट हिंदुरावनं माझ्या मेहुण्याच्या लग्नात माइक हातात घेऊन सांगितली होती.

त्यामुळं हुबळीच्या लॉजवर त्या संध्याकाळी मी धास्तावलो होतो. पिशव्यांचं खोकं वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर टॉवेल लपेटून ठेवलं होतं आणि उत्तरही तयार केलं होतं. दोघांच्या बॅगा उपड्या झाल्या. स्टोव्हवरून दस्तगीरनं हिंदुरावची यथेच्छ धुलाई केली. मग हिंदुरावनं माझ्या बॅगेला हात घातला, तसाच काढून घेतला आणि म्हणाला, "भूपालचं राहू दे. त्याला काय न्यायचं ते नेऊ दे."

मी सुटलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य घशात हाडकासारखं अडकून राहिलं. दिवसभर हेच चाललं होतं. मला पुढं घालायचे आणि दोघं मागून माझ्या चालीनं यायचे. दर थोड्या वेळानं थांबायचं. फोटो काढायचा तर मला मधे. निपाणीत मी रस्ता चुकवला, तरी हिंदुराव "असू दे, असू दे" म्हणाला. हिंदुराव! ज्यानं माझी इस्त्री माइकवरून सांगितली, तो. त्यांना काही कळलं की काय, या शंकेनं माझी झोप उडाली होती.

सकाळी चकती बदलायला मला न्हाणीत वेळ लागला. गाडीच्या टाकीवरच्या पाकिटात एक जादा पिशवी ठेवलेली असायची, तीच लावली. बाहेर दोघं माझ्यासाठी खोळंबलेत या विचारानं घाई केली आणि कातडी पुरती कोरडी न करताच चकती दाबली. तेवढ्यात दस्तगीर दाराजवळची बॅग उचलून मिरजेच्या बसला देऊनही आला होता. दाराजवळ दोन बॅगा होत्या. दोन्ही हिरव्या.

"दस्तगीर," मी बाकाजवळ जाऊन म्हणालो, "सकाळी बसला कुठली बॅग दिलीस?"

"फाजीलची."

"फाजीलची इथं हाय. माझ्या गाडीवर."

दस्तगीर उठून बघून आला. त्याचं तोंड उतरलं. "तरीच म्हटलं, हलकी कशी लागली. मग ती... तुझी गेली?"

"काय होतं त्यात?" हिंदुरावनं विचारलं.

"कपडे. आणि औषधं."

मी तयारीत होतो. आता हिंदुराव दस्तगीरच्या सात पिढ्या काढणार, दस्तगीर त्याच्या स्टोव्हचा उद्धार करणार, आणि त्या गोंधळात मला विचार करायला सवड मिळणार. तसं काहीच झालं नाही. हिंदुरावनं ग्लास खाली ठेवला. त्याचा काळासावळा चेहरा पार राखेसारखा झाला.

"रोजची औषधं?"

"रोजची."

"हितं कुठल्या दुकानात?"

"नाही मिळायची," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. माझ्या मापाच्या पिशव्या मिरजेतसुद्धा एकाच दुकानात मिळायच्या, आणि तो रविवार होता.

हिंदुराव उठला. त्यानं बुलेटवरचे दोर सोडायला सुरुवात केली. दोन्ही बॅगा काढून ढाब्याच्या भिंतीला लावल्या. दस्तगीर कंडक्टरला फोन लावत होता. नुसती घंटा वाजत होती.

"धारवाड गेलं आसंल. कित्तूर, न्हाईतर बेळगाव. कुठं तरी गाठतोच," हिंदुराव म्हणाला. गाडीवर बसता बसता तो दस्तगीरच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणंही लोहाराचं. मला स्वच्छ ऐकू आलं. "त्याला एकटं सोडू नगंस. दुखायला लागलं तर सरळ ॲम्ब्युलन्स बोलाव."

ॲम्ब्युलन्स? अपेंडिक्सला?

बुलेटचा आवाज हुबळीच्या दिशेनं गेला आणि मी बाकावर बसून राहिलो. चुरचुर वाढत होती. मग शर्टाच्या आत ओल जाणवली. मी रेनकोट मांडीवर घेतला, पोटाशी धरला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब इडली खात होतं. त्यातल्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला आणि गटाराकडं बघितलं. गटार बिचारं कोरडं होतं. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"सावलीत चल," दस्तगीर म्हणाला.

"इथं बरंय."

"ऊन लागतंय."

"लागू दे."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. खालून माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "भूपाल, काय होतंय? खरं सांग."

"अपेंडिक्स नव्हतं रे माझं."

"ठाऊक हाय."

मी गारच पडलो. "काय ठाऊक आहे?"

"ते मागनं. आता काय होतंय ते सांग."

"गळतंय," मी म्हणालो. दुसरा शब्दच सुचला नाही.

"काय गळतंय?"

मी रेनकोट बाजूला केला आणि शर्टाचं टोक उचललं. दस्तगीरनं बघितलं. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होतो, सवयच ती. त्यात किळस येईल, निदान दचकणं येईल, म्हणून वाट बघत होतो. त्यानं फक्त मान वाकडी केली आणि ट्रकवाल्याला विचारावं तसं विचारलं, "कुठनं?"

"खालच्या कडेनं. चकती सुटली."

"पाणी लागंल?"

"पाणी, फडकं. आणि आडोसा."

ढाब्यामागं एक कडुनिंब होता. दस्तगीरनं आपली गाडी तिथं नेऊन उभी केली, बॅगांवर घालायची ताडपत्री काढली आणि झाड, गाडी आणि कुंपणाचा खांब यांच्यामध्ये ताणून बांधली. ढाबेवाल्याशी कानडीत बोलून दोन बादल्या पाणी आणलं. मी बाहेरच थांब म्हणालो, तर म्हणाला, "धरायला कोण? तुझा बाप?" कालपासून तो मला पहिल्यांदा नीट काहीतरी बोलला होता. मला इतकं बरं वाटलं की मी वाद घातला नाही.

पिशवी रिकामी केली, धुतली, कातडी पुसली. फडक्यानं वारा घालून घालून त्यानं ती वाळवली. मग प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी काढून चकतीच्या चारी कडांवर पट्ट्या दाबून बसवल्या, तसबिरीला चौकट करावी तशा.

"दोन-तीन तास काढंल," तो म्हणाला. "तू ताडपत्री असतास तर शिवणच मारली असती."

मी हसलो. पोटाला हात लावून हसलो. ऑपरेशन झाल्यापासून त्या पिशवीवर कुणी विनोद केला नव्हता. करणार कोण, सुनंदा?

तो हसला नाही. हात धुता धुता, माझ्याकडं पाठ करून, त्यानं विचारलं, "डॉक्टर किती दिवस म्हणालेत?"

"कशाचे?"

"तुझे."

"माझे कसले?"

"भूपाल, आता तरी लपवू नगंस. आम्हास्नी सगळं कळलंय."

"अरे, काय कळलंय? गाठ होती, ती काढली. पुरती निघाली. तपासण्या झाल्या, त्यात काही नाही. अधूनमधून दाखवायला जायचं. ही पिशवी तेवढी राहिली, ती जन्माची."

दस्तगीर वळला. बादलीतला तांब्या त्याच्या हातात तसाच होता आणि पाणी त्याच्या बुटांवर सांडत होतं.

"उघडून बघितलं आणि तसंच शिवून टाकलं, असं न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"हिंदुरावच्या मेव्हणीची जाऊ त्या दवाखान्यात असती. ती म्हणली. आम्ही वहिनींना विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. म्हणल्या, मला शपथ हाय, मी काय बोलू शकत न्हाई." त्याचा आवाज चिरकला. "मग आम्ही काय समजायचं रं? अपेंडिक्सला कुणी बायकोला शपथ घालतं का?"

मी ताडपत्रीला धरून उभा राहिलो. वीस वर्षं कन्याकुमारीचा विषय निघाला की हिंदुराव "पुढच्या वर्षी" म्हणायचा. या वर्षी ऐन ऊस हंगामात, ट्रॉल्यांची कामं टाकून, त्यानं स्वतः येऊन तारीख सांगितली होती. निघताना त्याच्या बायकोनं मला ओवाळलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं, धूर गेला असेल.

"म्हणजे तुम्ही मला..."

"समुद्र दाखवायला," दस्तगीर म्हणाला. "हिंदुराव म्हणला, भूपाल जायच्या आधी त्याचं एवढं तरी करू. आन् तुझ्या बॅगेला हात लावायचा न्हाई. मराय टेकलेल्या माणसाच्या सामानात फाजील काय आसतंय, म्हणला."

आधी मला राग आला. मग मला आठवलं की अपेंडिक्स मीच सांगितलं होतं. आणि मग, कुठून कोण जाणे, छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी मरणार नव्हतो हे मला आधीच माहीत होतं. पण ते माझ्या मित्रांना माहीत नव्हतं, आणि म्हणून ते गोड बोलत होते. त्यांच्या त्या गोड बोलण्याला मी इतका भ्यालो होतो! दस्तगीरनं तोंड ताडपत्रीत खुपसलं होतं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते त्यालाही सांगता आलं नसतं. "या अल्ला, आम्ही मयताला निघाल्यागत चाललो होतो की रं," एवढंच तो मधूनमधून म्हणत होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा बुलेट आली. हिंदुरावनं बॅग मागं बांधली नव्हती; पुढं टाकीवर, पोटाशी घेऊन आला होता. तोंडावर धुळीचा थर. बेळगावच्या स्टँडवर पंक्चरमुळं अडकलेली बस सुटता सुटता तो तिच्या पुढं गाडी आडवी घालून उभा राहिला होता, हे त्यानं पुढं वर्षभर प्रत्येकाला सांगितलं. त्या वेळी मात्र नुसती बॅग माझ्या हातात दिली आणि विचारलं, "आत्ता घ्यायचं हाय का औषध? पाणी आणू?"

"हिंदुराव," दस्तगीर म्हणाला, "ह्यो मरत न्हाई."

"काय?"

"मरत न्हाई म्हटलं. गाठ निघाली. पोटावर पिशवी लावलीया, तिच्या जादा पिशव्या हायत त्या बॅगेत. बाकी ठणठणीत हाय भडवा."

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो ढाब्याच्या हौदाशी गेला, डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ तसाच उभा राहिला. हिंदुरावला रडताना मी त्याच्या वडलांच्या वेळीही बघितलं नव्हतं. तेव्हाही बघितलं नाही; फक्त पाठ बघितली.

तो परत आला तो शिव्या देतच. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. माझी अक्कल, माझी शपथ, माझं चष्म्याचं दुकान, सगळ्याचा उद्धार झाला. मेव्हणीच्या जावेलाही सोडलं नाही. आजवर जगात इतकं गोड काही माझ्या कानांवर पडलेलं नाही. मी आडोशाला जाऊन नवी पिशवी लावून, कोरडा शर्ट घालून आलो, तरी त्याचं संपलं नव्हतं.

मग त्यानं सामान बांधायला घेतलं. माझ्या गाडीवर आधी फाजीलची बॅग चढवली, स्टोव्हसकट. त्यावर हत्यारांची पेटी.

"तिला हात लावू नगंस," मी पुढं झालो तसा तो ओरडला. "उचलायचं न्हाई म्हणून सांगितलं आसंल ना डॉक्टरनं?"

"सांगितलंय."

"मग उचलायचं आम्ही. वाहायचं तू."

त्याच्या दोन बॅगांपैकी एक राहिली होती. ती चढवताना दोर निसटला, बॅग आडवी झाली आणि तोंडातून लोखंडी नळ्यांचं काहीतरी घरंगळत बाहेर आलं. घडीची खुर्ची होती. बुटकी, पाठीला टेकण असलेली, बैठकीला हिरवी ताडपत्री. हिंदुरावनं ती घाईनं आत कोंबायला घेतली, पण मी बघितली होती.

"ही काल उपडी केलेल्यात नव्हती," मी म्हणालो.

"ती दाखवायची नव्हती," दस्तगीर म्हणाला. "त्यानं वेल्डिंग केलं, मी कापड शिवलं. तिथं समुद्राला तुला खडकावर बसता यायचं न्हाई म्हणून."

"गप रं," हिंदुराव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं खुर्ची उचलून माझ्या सामानावर सगळ्यात वर ठेवली आणि दोर असा आवळला की कॅरिअर करकरलं. "ही तूच न्यायचीस. आन् बसणार मी."

याला बारा वर्षं झाली. ती खुर्ची मी कन्याकुमारीपर्यंत वाहिली. मागचं चाक जड, हँडल हलकं, वळणावर गाडी ऐकेना आणि मागून दोघांचे हॉर्न. पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खडकांवर गेलो. हिंदुराव खुर्चीत पाय पसरून बसला, मी आणि दस्तगीर त्याच्या मागं उभे. सूर्य वर आला, लोकांनी हात जोडले, फोटो काढले. हिंदुरावनं सूर्य धड बघितलाच नाही. तो दर थोड्या वेळानं मान वळवून मागं बघत होता, मी उभा आहे ना म्हणून.